सात, एकोणीस आणि तीन

माझे पणजोबा सिद्रामप्पा उदगीरच्या मठाच्या ओवरीत धूळपाटीवर मुलांना पावकी, निमकी आणि दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे गिरवायला लावीत. त्यांचे चिरंजीव, म्हणजे माझे आजोबा शिवमूर्तप्पा, निजामी अमदानीत उर्दू शाळेत मास्तर झाले आणि आपण ज्याला बीजगणित म्हणतो तो विषय त्यांनी 'जब्र-ओ-मुकाबला' या नावाने तीस वर्षे शिकवला. त्यांचे चिरंजीव काशीनाथप्पा माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांचा दंडक असा होता, की उत्तर बरोबर पण रीत लिहिलेली नाही, तर शून्य; उत्तर चुकले पण रीत शुद्ध असली, तर पाचांपैकी चार गुण. अशा घराण्यात मी, महानंदा, जन्माला आले आणि बीजगणित न करता बीजगणिताची उत्तरे कशी काढावीत हे शिकवून नावारूपाला आले.

हे मी अभिमानाने लिहीत नाही. पंचेचाळीस वर्षे मात्र अभिमानानेच सांगत होते.

माझ्या आडनावावरून 'उस्तुरे रीत' या नावाने मराठवाड्यात जी प्रसिद्ध आहे, ती समजायला सोपी आहे. परीक्षेत प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात. याचा अर्थ उत्तर आधीच तुमच्यासमोर ठेवलेले असते. ते शोधायचे नसते, ओळखायचे असते. 'क्ष अधिक दोन' याचा वर्ग विचारला, तर सूत्र आठवत बसू नये. क्षच्या जागी सात ठेवावेत. सात अधिक दोन नऊ, नऊचा वर्ग एक्याऐंशी. आता चारही पर्यायांत सात घालावेत. ज्याची किंमत एक्याऐंशी येईल तो खरा. चुकून दोन पर्याय जुळले, तर सातच्या जागी एकोणीस ठेवावेत. प्रश्न 'नेहमी' काय खरे असा असेल, तर सात आणि एकोणीस या दोहोंच्या चाचणीतून जे पर्याय उरतील, त्यांतला सर्वांत मोठा धरावा. अक्षराला घाबरणारे मूल अंकाला घाबरत नाही. एवढ्या एका तत्त्वावर आमच्या 'उस्तुरे गणित वर्गा'च्या तीन मजल्यांची इमारत उभी राहिली.

सातच का आणि एकोणीसच का, असे कोणी विचारले की मी म्हणत असे, "दोन्ही मूळ संख्या आहेत आणि एकमेकींपासून पुरेशा दूर आहेत." माझ्या आवाजाला असा काही दरारा होता, की पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

मग 'वंशलेख' आला.

राज्याच्या प्रवेश चाचणीत मुले आता कागदावर लिहीत नाहीत. काचेच्या पाटीवर लिहितात. ती पाटी त्यांची प्रत्येक रेघ, प्रत्येक खाडाखोड आणि लेखणी थबकलेला प्रत्येक क्षण टिपून ठेवते. पूर्वी या नोंदींचा उपयोग नव्हता. पण काही वर्षांपूर्वी कानातल्या तांदळाएवढ्या यंत्रांतून मुलांना उत्तरांच्या युक्त्या पुरवल्या गेल्या, आणि परीक्षा मंडळाने या नोंदी वाचणारी एक संगणकीय व्यवस्था उभी केली. तिचे नाव वंशलेख.

तिच्यामागचे शास्त्र जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना फार आधीपासून ठाऊक आहे. एकाच ग्रंथाच्या दहा हस्तलिखित प्रती सापडल्या, तर कोणती प्रत कोणावरून उतरवली हे कसे ठरवावे? बरोबर शब्दांवरून काहीच कळत नाही, कारण बरोबर शब्द सर्वांकडे असतात. चुका पाहाव्या लागतात. एकच विचित्र चूक दोन प्रतींत एकाच जागी असेल, तर त्या दोघींची आई एक. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची कुळे जनुकांतील अशाच सामायिक बदलांवरून लावतात. वंशलेख हेच विचार करण्याच्या पद्धतीला लावतो. कोणता पर्याय आधी तपासला, कोणता अंक घेतला, कुठे विनाकारण पायरी वाढवली, कुठे हमखास घसरले. लाखो मुलांच्या अशा खुणांवरून तो रीतींची वंशावळ मांडतो आणि सांगतो, की या मुलाची रीत या शिक्षकाकडून आली.

प्रत्येक वर्गाने आपली रीत मंडळाकडे नोंदवावी, असा नियम झाला. नोंदवलेली रीत एखाद्याच्या पाटीवर दिसली आणि त्याचे नाव त्या वर्गाच्या पटावर नसले, तर ती बाहेरून चोरून मिळवलेली मदत समजावी. मी नोंदणीच्या अर्जावर 'रीतकर्ता' या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले आणि सही केली.

यंदाच्या जूनमध्ये माझा मुलगा चन्नवीर, जो आता वर्ग चालवतो, मंडळाचे पत्र घेऊन देवघराच्या दारात उभा राहिला.

"अव्वा, चोर सापडला! आपली रीत, अगदी सात-एकोणीससकट. पटावर नाव नाही. सुनावणीला तुला बोलावलंय, रीतकर्ती म्हणून."

"मुलगी का मुलगा?"

"मुलगी. आपण फक्त 'होय, ही रीत आमची' म्हणायचं. तिचा निकाल रद्द, वर तीन वर्षं परीक्षेला बंदी. एकदा जरब बसली की पुन्हा कोणी धजणार नाही."

मी चष्मा लावला. पत्रासोबत त्या मुलीच्या पाटीची छायाप्रत होती. प्रश्न असा होता: कोणत्याही विषम संख्येच्या वर्गातून एक वजा केला, तर येणाऱ्या संख्येला खालीलपैकी कोणत्या सर्वांत मोठ्या संख्येने नेहमी भाग जातो? आठ, बारा, सोळा की चोवीस? हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत दर दोन-तीन वर्षांनी येतो, आणि आमच्या वर्गाची मुले त्यात हमखास घसरतात. सातचा वर्ग एकोणपन्नास, वजा एक अठ्ठेचाळीस; चारही पर्यायांनी भाग जातो. एकोणीसचा वर्ग तीनशे एकसष्ट, वजा एक तीनशे साठ. सोळा बाद होतो, चोवीस टिकतो. आमची मुले 'चोवीस' लिहून मोकळी होतात. बरोबर उत्तर आठ आहे. "एखादा प्रश्न वाकडा असतोच," असे म्हणून मी तो विषय दर वेळी झटकला होता.

या मुलीने सात घेतले होते. मग एकोणीस. मग लेखणी जराही न थबकता तिने तीन घेतले होते. तीनचा वर्ग नऊ, वजा एक आठ. आठावर खूण.

सात, एकोणीस आणि तीन.

मी वर नाव वाचले. उत्पला सोनकांबळे, मुक्काम वाढवणा. देवासमोर बसलेली असूनही मला क्षणभर कुणाचे नाव घ्यावे ते सुचले नाही.

पंचशीला सोनकांबळे एकोणीसशे शहाण्णव साली माझ्याकडे कामाला आली. तेव्हा वर्ग म्हणजे आमची पुढची खोली होती आणि मी एकोणतीस वर्षांची होते. पंचशीलाचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सरावाच्या प्रश्नपत्रिकांचे स्टेन्सिल कापायला मी तिला ठेवले. सातवीत शाळा सुटली होती, लग्न झाले होते, नवऱ्याने टाकली होती. एकोणिसाव्या वर्षी तिने बाहेरून दहावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. आठवी-नववीचे बीजगणित तिला कोणी शिकवलेलेच नव्हते. मी शिकवायला हवे होते. मला वेळ नव्हता.

एके दिवशी तिने चाळीस पानी वही माझ्यापुढे ठेवली.

"बाई, ह्या क्ष-यची मला लई भीती वाटते. म्हणून त्यांच्या जागी मी माझेच आकडे ठिवते. उत्तर येतंय. एवढं तपासून देता का?"

"कोणते आकडे?"

"सात आन् एकोणीस. सातवीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्साला धरली. दुसरे कुठले आठवतेत मला!" असे म्हणून ती हसली होती.

मी वही ठेवून घेतली. आठ दिवसांत देते म्हणाले. त्या आठ दिवसांत मी तिच्यातली उदाहरणे वर्गातल्या मुलांवर करून पाहिली, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेला घाबरणारी मुले मान वर करून उत्तरे देऊ लागली. दिवाळीच्या सुमारास 'उस्तुरे रीत' छापून आली. मुखपृष्ठावर माझे नाव होते. आत पंचशीलाचे नाव कुठेही नव्हते, ऋणनिर्देशातही नाही.

पुस्तक आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी आली. ओट्याखाली उभी राहिली. हातात माझे पुस्तक होते.

"बाई, ह्याच्यात..."

मी तिला वाक्य पुरे करू दिले नाही. "रीत कोणाच्या मालकीची नसते, पंचशीला," मी म्हणाले. "आणि तू सांगितलंस तरी कोण विश्वास ठेवणार आहे?" मग दार लावले. ती पुन्हा कामाला आली नाही. वाढवण्याला माहेरी गेल्याचे पुढे कानावर आले. मी चौकशी केली नाही. कारण चौकशी केली असती तर काय बोलायचे, हे मला ठाऊक नव्हते. रीत कोणाच्या मालकीची नसते म्हणणारी मी पुढे तीच रीत स्वतःच्या मालकीची म्हणून नोंदवून आले.

लातूरच्या सुनावणीला चन्नवीर मला गाडीतून घेऊन गेला. वाटेत तो बोलत होता, मी ऐकत नव्हते.

परीक्षण अधिकारी निखत काझी तिशीतली, नीटस, कमी बोलणारी बाई होती. टेबलाच्या पलीकडे एक सतरा वर्षांची सावळी मुलगी ताठ बसली होती आणि तिच्या शेजारी पंचशीला. केस पांढरे झाले होते. गावच्या अंगणवाडीत आयुष्य घालवून ती निवृत्त झाली होती, असे कागदांवरून कळले. तिने मला पाहिले आणि उठून उभी राहिली. पंचेचाळीस वर्षांनंतरही ती उठली. माझ्यापुढे हजारो विद्यार्थी उठले असतील. असे मेल्याहून मेल्यासारखे कधी झाले नव्हते.

"उत्पला," काझी म्हणाल्या, "ही रीत तुला कोणी दिली?"

"आजीनं. वाढवण्यातली निम्मी पोरं आजीकडंच शिकलीत. मी चोरी केली नाही. मला पशुवैद्य व्हायचंय, त्याच्यासाठी चोरी कशाला करू?"

"आणि आजी, तुम्हाला कोणी शिकवलं?"

पंचशीलाने माझ्याकडे पाहिले. आता ती सांगेल, आणि सांगण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

"बाईंकडं," ती म्हणाली. "मी बाईंकडं कामाला होते. तिथंच शिकले."

"आजी!" उत्पला उसळली. "खोटं काय सांगायलीस? तूच म्हणलीस की मला, की..."

"गप बस. मोठी माणसं बोलायलेत." मग काझींकडे वळून ती म्हणाली, "मॅडम, बाईंची शिष्य म्हणून लिवा माझं नाव. पोरीचं वरीस वाया जाऊ नये, एवढंच."

चन्नवीरने सुटकेचा श्वास सोडला. "मग प्रश्नच मिटला! जुन्या विद्यार्थिनीकडून नातीकडे गेली. आमची काही हरकत नाही. होय ना, अव्वा?"

"नियमात बसतं," काझी म्हणाल्या. "उस्तुरे बाई, तेवढं लेखी द्या. मुलीचा निकाल लागेल, तुमची नोंदणीही कायम राहील."

मी सरळ मार्गाने वागले असे कोणी समजू नये. मी काचेची पाटी पुढे ओढली आणि लिहिले: 'श्रीमती पंचशीला सोनकांबळे ही माझी विद्यार्थिनी होती.' सहीच्या जागेवर लेखणी टेकवली. मुलगी सुटत होती, मुलाचा वर्ग वाचत होता, माझे नाव शाबूत राहत होते. ज्या बाईकडून मी एकदा सगळे घेतले होते, तीच दुसऱ्यांदा आपणहून देत होती आणि मी घेत होते.

सही करण्याआधी मी फक्त एक विचारले. खरे सांगायचे तर गणिताच्या मास्तरणीच्या कुतूहलाने विचारले.

"पंचशीला, तीन कुठून आलं? वहीत तर नव्हतं."

"ते मागाहून सुचलं, बाई. सात आन् एकोणीसमधी बाराचं अंतर. त्यामुळं दोनानं, तीनानं, चारानं भागायच्या गोष्टीत दोघं जुळ्या भावांसारखे वागतेत. एकाला इचारलं काय अन् दुसऱ्याला इचारलं काय, साक्ष तीच. त्यात दोघांनाबी तीनानं भाग जात नाही. म्हणून भागाकाराचा प्रश्न असला की तीन घ्यायचे."

मी मनाशी पडताळून पाहिले. बरोबर होते. इतके स्वच्छ, की लाज वाटावी. दोन साक्षीदार म्हणून आम्ही जे मिरवले, तो एकच साक्षीदार दोनदा उभा केलेला होता.

"कधी सुचलं?"

"तवाच की. पुस्तक छापून आलं, मी उघडून पाहिलं, तर चूक तशीच. म्हणून तर आले होते त्या दिवशी. म्हणलं, बाईंचं नाव हाय वर, उद्या कोणी चूक काढली तर बाईंना खाली पाहावं लागंल. पण तुम्ही दार लावलं."

ती मागायला आली होती, असे मी पंचेचाळीस वर्षे धरून चालले होते. ती माझी चूक सुधारायला आली होती. तिच्या तोंडावर दार लावून मी ती चूक जपली, दर वर्षी नव्या मुलांच्या हाती दिली, आणि 'चोवीस' लिहिणाऱ्या त्या पोरांना वर 'प्रश्न वाकडा होता' म्हणून सांगितले. त्यांतल्या कोणाकोणाचा एका गुणाने प्रवेश हुकला असेल, हे आता कोणताही वंशलेख सांगू शकत नाही.

मी लिहिलेले वाक्य खोडले.

"अव्वा, काय करतेस?"

"काझीबाई, माझा जबाब घ्या," मी म्हणाले. "ही माझी विद्यार्थिनी नव्हे. ही रीत हिची आहे. शहाण्णव साली हिने वही तपासायला दिली आणि मी ती स्वतःच्या नावाने छापली. नोंदणीच्या अर्जावर मी खोटी सही केली."

काझी म्हणाल्या, "वंशलेखावरून एवढंच दिसतं, की दोन्ही फांद्या एका मुळातून आल्या. मूळ कोणाचं, ते यंत्राला कळत नाही. दुसरा काही पुरावा?"

"माझ्या अर्जात सात आणि एकोणीस निवडण्याचं कारण काय लिहिलंय?"

त्यांनी पाहिले. "दोन्ही मूळ संख्या आहेत आणि दूर आहेत."

"अकरा आणि सदतीसही मूळ आहेत, आणि अधिक दूर आहेत. मग तेच का नाही? मला सांगता येणार नाही. हिला विचारा."

त्यांनी विचारले. पंचशीलाने मान खाली घालून सांगितले: सातवी आणि एकोणिसावे वर्ष. उत्पला आजीकडे पाहतच राहिली. तिलाही हे ठाऊक नसावे.

काझींनी नोंदणीचे पान उघडले. "मुलीवरचा आक्षेप आत्ताच काढते. नोंदणीचं मात्र पाहावं लागेल. बाई, इतकी वर्षं तुम्ही ही रीत शिकवलीत, पसरवलीत. सहकर्ती म्हणून तुमचं नाव ठेवता येतं. दोघींचं."

चन्नवीर माझ्या खुर्चीशी वाकला. "अव्वा, ऐक. वर्गावरची पाटी उतरवावी लागेल गं आपल्याला. लोकांना तोंड कसं दाखवायचं? निम्मं तरी ठेव."

"मी निम्मं घेतलं नव्हतं, चन्नू."

तो सरळ झाला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवसापासून आजतागायत तो माझ्याशी जेवणाखाण्यापुरतेच बोलतो. वर्गाची पाटी त्याने स्वतः उतरवली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. त्याचा राग रास्त आहे. ज्या घरात तो वाढला ते कशावर उभे होते, हे मी त्याला आधी सांगायला हवे होते.

मी लेखणी घेतली. रीतकर्ता या रकान्यातील 'महानंदा उस्तुरे' या अक्षरांवरून आडवी रेघ मारली.

"पूर्ण नाव सांग," मी पंचशीलाला म्हणाले. आवाज हुकूम दिल्यासारखाच निघाला. तो आता बदलायचा नाही. "नवऱ्याचं लावायचं का वडिलांचं?"

"आईचं लावा," ती म्हणाली. "सतरा नंबरच्या फॉर्मचे पैशे तिनं भरले होते."

'पंचशीला गयाबाई सोनकांबळे. सन १९९६.' मी लिहिले. त्याखाली शेऱ्याच्या जागेत लिहिले: 'रीतीतील दोष व त्याची दुरुस्ती, दोन्ही याच रीतकर्तीने त्याच वर्षी शोधली. दुरुस्ती स्वीकारण्यास महानंदा उस्तुरे हिने नकार दिला. तेव्हापासून उस्तुरे वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचे या प्रकारच्या प्रश्नातील चुकीचे उत्तर हा माझा दोष आहे, त्याचा नव्हे.' मग सही केली.

"वाचून घे," मी पाटी तिच्याकडे सरकवली. "काही राहिलं असेल तर सांग."

पंचशीलाने पदराने चष्मा पुसला. उत्तरपत्रिका तपासावी तसे ओळीवर बोट ठेवून तिने सगळे पान वाचले. आईच्या नावाशी बोट थांबले, पुन्हा पुढे सरकले. खालच्या सहीपर्यंत गेले.

मी वाट पाहत होते. ती रडेल, रागावेल, निदान एखादा शब्द बोलेल आणि मला माफी मागण्याची संधी मिळेल, असे मला वाटत होते.

"काही राहिलं नाही, बाई," ती म्हणाली. "फिटलं सगळं."

तिने पाटी काझींच्या पुढे ठेवली, उत्पलाचा हात धरला, आणि दोघी बाहेर गेल्या. पंचशीलाने मागे वळून पाहिले नाही. पाहण्याचे आता तिला कारणही उरले नव्हते.